पिल्लू येण्याआधी शब्द ठरवा

नमस्कार मंडळी. कुत्र्यांना शिकवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. मला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात, ‘पिल्लू आणलंय, पण ऐकत नाही.’ मी विचारतो, त्याला बसायला सांगताना घरात काय म्हणता? पलीकडे शांतता. मग कळतं की आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो, बाबा ‘सिट डाऊन’ आणि आजोबा ‘बस रे बाळा खाली’. एका कृतीला चार शब्द. पिल्लाने कुठला धरायचा?

त्यातला ‘बस’ तर फारच अवघड. आपल्या घरात तो दिवसातून किती वेळा कानावर पडतो ते एकदा मोजून बघा. शेजारीण आली की ‘बस गं’. ताटात पोळी पडली की ‘बस, बस, नको आता’. मुलाला ‘अभ्यासाला बस’. ‘साडेआठची बस चुकली.’ ‘बस झाली तुझी नाटकं.’ पिल्लाला मराठी येत नाही. त्याला आवाज ऐकू येतो आणि त्या आवाजामागून काय होतं तेवढं कळतं. ‘बस’नंतर बहुतेक वेळा त्याच्यासाठी काहीच होत नाही, म्हणून चार दिवसांत तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या घरघरीसारखा होतो.

इव्हान पावलोव्ह हे नाव शाळेत ऐकलं असेल. या रशियन शास्त्रज्ञाला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण तो आपल्याला माहीत आहे कुत्र्यांच्या लाळेमुळे. ठरावीक आवाज आणि लगेच अन्न असं पुन्हा पुन्हा झालं की नुसत्या आवाजाने लाळ सुटते, इथवर सगळ्यांना आठवतं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तोच आवाज अन्नाशिवाय वारंवार ऐकवला की लाळ कमी होत होत थांबते. आपण घरात ‘बस’चं नेमकं हेच करून ठेवतो.

म्हणून पिल्लू यायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसा आणि शब्द ठरवा. इंग्रजी शब्द वापरायला माझी हरकत नाही, ते आपल्या बोलण्यात कमी येतात हा त्यांचा मोठा फायदा. पण दिवसभर पिल्लाजवळ आजी असणार असेल तर शब्द आजीच्या तोंडात बसणारा हवा. एका घरातल्या आजींनी ‘टेक’ शब्द सुचवला. बूड टेक, त्यातला टेक. छोटा, खणखणीत, आणि त्या घरात एरवी कुणी तो फारसा वापरत नाही. ते पिल्लू आठवड्याभरात टेकायला लागलं. ठरलेले शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कामाला येणाऱ्या मावशींनाही ते सांगा, कारण त्या रोज येतात आणि पिल्लू त्यांच्याही पायात घोटाळतं.

आता ‘ये’बद्दल. हे मला मनापासून सांगायचंय.

माझा पहिला कुत्रा खंड्या. देशी, पिवळसर, कपाळावर पांढरा टिळा. मी त्याला ‘ये’ म्हणायचो आणि तो आला की चपला फाडल्याबद्दल ओरडायचो. ‘ये’ म्हणून बोलवायचो आणि आंघोळीला न्यायचो. ‘ये’ म्हणून जंताची गोळी घशात घालायचो. एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं. खंड्या रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी ओरडलो, ‘खंड्या, ये!’ तो थांबला. माझ्याकडे बघितलं, कान मागे पाडले, शेपूट पोटाखाली घेतली आणि उलट्या दिशेने पळाला, थेट टेम्पोसमोर. तो वाचला, अकरा वर्षं जगला, पण मागचा उजवा पाय त्याने पुन्हा कधी नीट टेकवला नाही. लोक म्हणाले, कुत्र्याने ऐकलं नाही. त्याने ऐकलं होतं. ‘ये’चा जो अर्थ मी त्याला शिकवला होता, त्या अर्थाप्रमाणे तो वागला.

तेव्हा आंघोळ घालायची असेल तर आपण उठून पिल्लाजवळ जा. ‘ये’ किंवा तुम्ही ठरवाल तो शब्द फक्त चांगल्या गोष्टीसाठी राखून ठेवा. नावाचंही तसंच, नाव घेऊन रागवायचं नाही. आणि घरात पिंकी असेल तर कुत्रीचं नाव चिंकी ठेवू नका, दोघींची ओढाताण होते.

खाऊ आधीच तयार ठेवा. उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं रताळं, काहीही चालेल, पण तुकडा तुरीच्या दाण्याएवढा. मोठा तुकडा चावत बसलं की कशासाठी मिळाला ते पिल्लू विसरतं. टेकलं की लगेच द्यायचा, डबा शोधायला स्वयंपाकघरात जायचं नाही. तोवर ते उठलेलं असतं आणि तुम्ही उठण्याचं बक्षीस देऊन बसता. हा खाऊ दिवसाच्या जेवणातूनच वजा करा.

मग एक दिवस घरभर रांगा. खरंच, गुडघ्यावर या. चार्जरची लोंबणारी वायर, फिनेलची बाटली, बाल्कनीच्या गजांमधली फट, कांद्याची टोपली हे सगळं त्या उंचीवरून दिसतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी आहे, तेव्हा आपल्या रश्श्यात कालवलेली पोळी आणि प्रसादाचा शिरा देऊ नका. जुनी चप्पल चावायला देणंही चूक, जुनी आणि नवी यातला फरक त्याला कसा कळणार?

पिल्लू 8 आठवड्यांचं व्हायच्या आत आईपासून तोडू नका. आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार त्याआधी विक्रीही करता येत नाही. इथे एक पेच येतो. जगाची ओळख सगळ्यात सहज होते ती साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात, आणि लसींचे डोस मात्र 16 आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्होच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) भीतीने पिल्लू घरात कोंडून ठेवलं तर पुढे ते रिक्षालाही घाबरतं. उपाय असा की जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरवा. भाजीवाल्याची हाळी, शाळा सुटल्याचा गोंगाट, दुचाकीचा हॉर्न, सगळं लांबून ऐकवा आणि प्रत्येक वेळी एक दाणा खाऊ. कुकरच्या शिट्टीला तर घरातच सुरुवात होते. पहिली शिट्टी झाली की पिल्लू कॉटखाली जातं. त्याला ओढून बाहेर काढू नका. गॅस बारीक करा, दार लोटून घ्या, आणि शिट्टी झाली की कॉटजवळ एक तुकडा टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिट्टी वाजल्यावर ते तुमच्या हाताकडे बघायला लागेल.

शी-शूचं थोडक्यात सांगतो. जितके महिने वय तितके तास दम, असा ढोबळ हिशेब धरा. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. घरात झालंच तर गुपचूप पुसा. नाक घासू नका. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते सोफ्यामागे करतं.

खंड्याला पाय बरा झाल्यावर मी ‘ये’ म्हणणं सोडलं. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचो आणि प्रत्येक वेळी भाकरीच्या तुकड्यावर चिकनची कलेजी. फक्त शिट्टी आणि कलेजी, दुसरं काही नाही. पहिले काही दिवस तो लांबूनच बघायचा, अर्ध्यात येऊन थांबायचा. मी पुढे जायचो नाही, तुकडा जमिनीवर ठेवून मागे सरकायचो. त्यात पूर्ण पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमारास मी मैदानाच्या एका टोकाला उभा राहून शिट्टी मारली आणि तो दुसऱ्या टोकाकडून तीन पायांवर धावत आला.