घाटावर खाल्लेला डबा

हा जो पूल दिसतोय ना, तो आयर्विन पूल, 1929 सालचा. सांगलीत पाणी चढायला लागलं की टीव्हीवाले कॅमेरा घेऊन पहिलं इथंच येतात. आपल्याला आज पुराचं काय बोलायचं नाही. ह्याच कृष्णा नदीच्या घाटावर, ह्या पायऱ्यांवर, मी डिसेंबरात 19 दिवस दुपारचा डबा खाल्लाय, घरात मात्र कंपनीत चाललोय असं सांगून.

कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लोखंड कापायच्या मशीनवर होतो, 6 वर्षं 4 महिने. कंपनीचं नाव घेत नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एचआरनं केबिनमध्ये बोलावलं, ऑर्डर कमी आहेत म्हणाले, चहा सांगितला आणि टाइप केलेला कागद पुढं सरकवला, "मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे". सही करा, दाखला चांगला देतो, पुढं नोकरीला अडचण नको. केली सही, चहा गार व्हायच्या आत.

आता त्या एका सहीत काय गेलं ते ऐका, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीनं छाटणी केली असती तर कायद्यानं दर पूर्ण वर्षामागं 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागला असता. दुसरं म्हणजे ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, पगार 21 हजाराच्या आत म्हणून माझं ईएसआय कापलं जात होतंच, त्यात नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच मिळतात. 2020 च्या आधी ते 25 टक्केच होते. पण माझ्या कागदावर "स्वेच्छेने" लिहिलेलं, तिथंच घोडं अडलं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तेवढी वाचली, पाच वर्षं झालेली म्हणून. तिचा हिशोब सोपा आहे, बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, मिळून 13 हजार, त्याला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे साडेसात हजार, सहा वर्षांचे 45 हजार. सातव्या वर्षाचे सहा महिने उलटून गेले असते तर सात धरली असती. चारच झाले होते.

तर घाट. रोज आठला गाडी काढायची, दिवसभर कुठंतरी काढायचा, सहाला घरी. पेट्रोल जळत होतं, दोन चहा, एखादा वडापाव, वर कुणाला संशय नको म्हणून एकदा भडंगाचा पुडा पण घेऊन गेलो, माणूस किती येडा होतो बघा. पण खरा घोळ 7 तारखेला झाला. पगाराची तारीख. राहिलेला पगार फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशोबात देऊ म्हणालेली कंपनी, म्हणजे हातात शून्य. मी एटीएमला गेलो, क्रेडिट कार्डावरनं 18 हजार कॅश काढली आणि बायकोच्या हातात दिली, हा घे पगार. कार्डावर कॅश काढली की पहिल्या दिवसापासनं व्याज लागतं, खरेदीसारखी महिना-दीड महिन्याची सवलत नसते, हे मला बिल आल्यावर कळलं. माझ्या कार्डाला महिना साडेतीन टक्के, म्हणजे रोजचे 21 रुपये, शिवाय काढल्याची फी वेगळी. नोकरी आहे हे दाखवायचा हा रोजचा खर्च.

बायकोला कधीच कळलं होतं. कसं, तर शर्टावरनं. सीएनसीवर काम करणाऱ्याच्या शर्टाला कूलंटचा, म्हणजे मशीन गार ठेवायच्या तेलकट पाण्याचा वास असतो, कितीही धुवा, बादलीत टाकला की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. चार-पाच दिवस पाणी नुसतं मातकट आलं, तवंग नाही. ती काही बोलली नाही. डब्यात भाकरी मात्र एक जास्त द्यायला लागली, मला वाटलं थंडीमुळं.

19 व्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर ठेवलं, ज्याच्यावर दुधाचे खाडे लिहितो तेच, आणि म्हणाली, "अहो, आता किती शिल्लक आहे ते खरं सांगा, मग काय कमी करायचं ते मी बघते."

मी लगेच शहाणपणा सुरू केला. दूध बंद करू, पोरीचा क्लास बंद करू, एलआयसी बंद. तिनं एकेक खोडून काढलं. दूध दीड लिटरचं एक लिटर झालं, क्लासच्या सरांना भेटून फीचे हप्ते पाडून घेतले, एलआयसीचा हप्ता सहामाही होता तो मार्चवर गेला. आणि आधी कार्ड. ग्रॅच्युइटी आली त्या दिवशी कार्डाचे आधीचे 20 हजार आणि हे 18, सगळे व्याजासकट मिटवले. मी म्हणत होतो कार्डाचं नुसतं मिनिमम भरू, पैसे हातात राहू दे. तिचं म्हणणं, पीएफला सव्वाआठ टक्के मिळतात आणि इथं वर्षाला 42 टक्के जातात, कसला हातात राहू दे? पीएफमधनं पण लागेल तेवढंच काढलं. पाच वर्षं झालेली म्हणून त्याच्यावर टॅक्स नाही लागला. पेन्शनच्या हिश्श्याला हात लावला नाही, 10 वर्षं भरली की 58 नंतर पेन्शन आहे, आत्ता काढलं की मोजणी परत पहिल्यापासनं.

माझी एक बचत सांगतो. गणपती पेठेत ठोक दरात तेल स्वस्त पडतं म्हणून 15 किलोचा डबा उचलून आणला, अगदी छाती फुगवून. झालं काय, डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. भजी झाली, पुऱ्या झाल्या, शेजारी वाटीभर गेलं. तो डबा आमच्या नेहमीच्या हिशोबापेक्षा तीन आठवडे आधी संपला. त्यात जे पैसे अडकले ते गॅस सिलिंडरच्या वेळी कमी पडले, ते वेगळंच. पगार चालू असताना ठोक घेणं परवडतं, बंद असताना एक किलोची पिशवीच बरी, असं आता माझं मत आहे.

लाइटबिलात मात्र जमलं. 100 युनिटच्या आत एक दर, पुढच्या युनिटला तो बराच चढतो, आणि आम्ही 140 च्या आसपास असायचो. गिझर दोन हजार वॅटचा, अर्धा तास चालला की एक युनिट. मग माळ्यावरचा आईचा तांब्याचा बंब खाली काढला, चिंच लावून घासला. करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, शेंगांची टरफलं, जे मिळेल ते. पहिल्याच दिवशी धूर एवढा झाला की वरच्या मजल्यावरच्या काकू भांडायला खाली आल्या, त्यांना तिथंच गरम पाण्याची बादली दिली, तेव्हापासनं रोज एक बादली वर जाते.

एक गोष्ट माझ्याच्यानं झाली नसती. तिची भिशी होती, बारा जणींची, महिना हजार. तिचा नंबर शेवटून दुसरा. तिनं तिथं सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, ह्यांची नोकरी गेलीय, मला ह्या महिन्यात उचल द्या, हप्ते मी चुकवणार नाही. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही, आता सगळ्या कॉलनीत होणार म्हणून. झालंच. 12 हजार तर मिळालेच, पण त्यातल्याच एकीच्या दिरानं फेब्रुवारीत निरोप धाडला, मार्केट यार्डात हळदीचा सीझन चालू झालाय, वजनकाट्यावर पोती मोजून लिहून घ्यायला माणूस पाहिजे, हिशोब रोजच्या रोज. म्हणजे मी घाटावर बसून 19 दिवस जे लपवलं, ते बाहेर पडल्यावर काम मिळालं.

पगार पूर्वीच्या निम्मा पण नाही. अर्ज चालू आहेत, दोन ठिकाणी ट्रायल देऊन आलोय. हळद सगळीकडं बसते, भुवयांत, नखांत, शर्टाचं पाणी पार पिवळं निघतं. परवा ती बादली बघत म्हणाली, "हा रंग पण जायचा नाही."

आत्ता मीटर ह्या महिन्याच्या 91 युनिटवर आहे. रीडिंगला चार दिवस आहेत. आणि पोरीच्या शाळेत उद्या दहावीवाल्यांचा सेंड-ऑफ आहे, तिला ड्रेसला इस्त्री पाहिजे. दोघी आत त्याच्यावरनंच भांडताहेत, आवाज येत असेल तुम्हाला.