समार्स्काइट: बाहेरून धड, आतून मोडलेला दगड

हा बघा, काळा कुळकुळीत. लांबून कोळशाचा तुकडा वाटेल, पण हातात घेतला की लगेच कळतं, कारण पाण्याच्या पाच-साडेपाच पट जड आहे हा, आपली साधी गारगोटी जेमतेम अडीच-पावणेतीन पट असते. फुटला की काचेची बाटली फुटावी तसे गोलसर, वळणदार टवके निघतात आणि आतला ताजा भाग डांबरासारखा चकाकतो.

नाव समार्स्काइट. ऑक्साइड खनिज, म्हणजे ऑक्सिजनला धरून बसलेले धातू, आणि धातू तरी किती! यिट्रियम आणि त्याच्या गोतावळ्यातले रेअर अर्थ (एकमेकांसारखे गुण असलेल्या धातूंचा एक गट), नायोबियम, टँटलम, लोखंड, वर युरेनियम. सगळा खेळ या युरेनियमचा.

होतं काय की युरेनियम किरणोत्सारी आहे, त्याच्या अणूतून अल्फा कण नावाचा छोटा तुकडा सुटतो, आणि बंदूक उडवली की खांद्याला धक्का बसतो ना, तसा उरलेला अणू मागे फेकला जातो आणि जाता जाता आजूबाजूच्या शेकडो अणूंना जागेवरून उठवतो. एकदा झालं तर काय बिघडत नाही, पण हे कोट्यवधी वर्षं चालू आहे, त्यामुळे आतली रांगेत बसलेली रचना पार विस्कटलीये. बाहेरून मात्र स्फटिकाचा आकार, त्याच्या सपाट बाजू, कोपरे सगळं जागच्या जागी. जुन्या वाड्याचा दरवाजा दिमाखात उभा आणि आत भिंती ढासळलेल्या, तसं. एक्स-रेनं तपासलं की कळतं, आत काचेसारखा गोंधळ आहे. याला मेटामिक्ट म्हणतात. आणि भारी गोष्ट म्हणजे हाच दगड भट्टीत चांगला तापवला की अणू परत रांगेत येतात, स्फटिक पुन्हा तयार होतो!

आता नाव कुठून आलं? रशियात उरल पर्वताच्या भागात मियास आहे, तिथल्या इल्मेन डोंगरातला हा दगड. जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझनं 1839 मध्ये त्याला युरेनोटँटलम म्हटलं, मग 1847 मध्ये त्याच्याच भावानं, हाइनरिख रोझनं, नाव बदलून समार्स्काइट केलं. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो वसिली समार्स्की-बिखोवेत्स काही शास्त्रज्ञ नव्हता बरं का, रशियाच्या खाण खात्यातला कर्नल, रोझ मंडळींना अभ्यासाला नमुने मिळवून दिले एवढंच त्याचं काम.

पण 1879 मध्ये फ्रान्सच्या लकॉक द बुआबोद्राँला याच खनिजातून काढलेल्या मालाच्या वर्णपटात नव्या रेषा दिसल्या, नवं मूलद्रव्य सापडलं आणि खनिजावरून त्याचं नाव पडलं समेरियम. खऱ्याखुऱ्या माणसाचं नाव आवर्तसारणीत जायची ही पहिलीच वेळ, आणि कर्नलसाहेब 1870 मध्येच वारले होते. 1880 मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ मारिन्याकला समार्स्काइटमधूनच अजून एक मूलद्रव्य मिळालं, तेच पुढे गॅडोलिनियम, एमआरआय करताना शिरेतून जे कॉन्ट्रास्ट इंजेक्शन देतात ना, त्यात असतं ते.

समेरियमसाठी मात्र आज हा दगड कोणी खणत नाही, ते मोनाझाइट आणि बास्टनेसाइट या दुसऱ्या खनिजांमधून येतं आणि त्याचे कोबाल्टबरोबर केलेले मॅग्नेट भरपूर तापले तरी ताकद सोडत नाहीत. समार्स्काइट आपल्याकडेही आहे, आंध्रातल्या नेल्लोरच्या अभ्रकाच्या पट्ट्यात.

कधी हातात आलाच तर घासायचा नाही, फोडायचा नाही, त्याची धूळ नाकातोंडात जायला नको, आणि नंतर साबणानं हात धुवायचे.