छत्तिशीतला पिचर, विशीतला पोरगा

डेट्रॉइट. मिशिगन अ‍ॅव्हेन्यू आणि ट्रम्बुलचा कोपरा. इथे आता कृत्रिम गवतावर शाळकरी मुलं खेळतात. तो उंच झेंड्याचा खांब मात्र जुना आहे, 125 फुटी. इथे टायगर्स या बेसबॉल संघाचं टायगर स्टेडियम होतं, तेव्हा हा खांब चक्क मैदानात असायचा. चेंडू त्याला आपटला तरी खेळ चालूच.

12 ऑगस्ट 1987. गटात अव्वल येण्यासाठी टायगर्स टोरोंटो ब्लू जेजच्या मागे हात धुऊन लागलेले. फलंदाजी दणकट, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तेवढे कमी. सामना सुरू करणारा पिचर एकदा चेंडू टाकून गेला, की चार दिवस विश्रांती घेतो. त्यामुळे असे चार-पाच भरवशाचे हात लागतात. एक जरी कमी पडला, तरी दर आठवड्याला टोचत राहतं.

त्या दिवशी बातमी आली. अटलांटा ब्रेव्ह्जकडून डॉइल अलेक्झांडर येतोय. वय 36. त्या मोसमात त्याच्या नावावर 5 विजय, 10 पराभव. बदल्यात गेला जॉन स्मोल्ट्झ. वय 20, खालच्या लीगमध्ये 4 विजय, 10 पराभव. खरं सांगायचं, तर या आकड्यांवर दोघांनाही कुणी ओवाळलं नसतं.

स्मोल्ट्झ मिशिगनचाच, लॅन्सिंगला वाढलेला. त्याचे आजोबा कित्येक वर्षं याच स्टेडियममध्ये कामाला होते. घरचं पोर दुसऱ्याच्या ओटीत घातलं म्हणायचं. पण गॅलरीत बसणाऱ्याला हळहळ वाटायला आधी त्या पोराचं नाव तरी ठाऊक हवं ना!

आणि अलेक्झांडर? आल्यापासून त्याने 11 सामने सुरू केले. अकराही टायगर्सने जिंकले. त्याच्या नावावर 9 विजय, पराभव एकही नाही. दर 9 इनिंगमागे, म्हणजे एका अख्ख्या सामन्यामागे, त्याने दिली जेमतेम दीड धाव.

27 सप्टेंबर, रविवार, टोरोंटो. ब्लू जेज साडेतीन सामन्यांनी पुढे. (हे अर्ध्या सामन्याचं गणित बेसबॉलवाल्यांनाच लखलाभ!) त्या दिवशीही टायगर्स हरले असते, तर डेट्रॉइटचा खेळ जवळपास आटोपलाच होता. अलेक्झांडर नऊ इनिंग टाकून थांबला नाही. दहावीही टाकली, अकरावीतही उभा राहिला. आता सदतिशीतला खांदा! तेराव्या इनिंगमध्ये डेट्रॉइट 3-2 ने जिंकलं. टोरोंटो त्यानंतर उरलेले सगळे सामने हरलं. त्यातले शेवटचे तीन याच कोपऱ्यावर.

शुक्रवारी अलेक्झांडरच. 4-3. रविवारी, 4 ऑक्टोबरला, लॅरी हर्नडनचा एक होमरन (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) डावीकडच्या स्टँडमध्ये पडला, आणि फ्रँक टनानाने तेवढ्या एका धावेवर अख्खा सामना राखला. 1-0. गट डेट्रॉइटचा. त्या संध्याकाळी हा सौदा फसला म्हणणारा माणूस या शहरात दिवा घेऊन शोधावा लागला असता.

पुढे लीगच्या अंतिम मालिकेत मिनेसोटाने टायगर्सना 4-1 ने हरवलं. अलेक्झांडरने दोन सामने सुरू केले, दोन्ही गमावले. 1989 मध्ये तर त्याच्या नावावर 18 पराभव लागले, आणि तो निवृत्त झाला.

आता हळहळीची पाळी. 1996 मध्ये अटलांटाच्या स्मोल्ट्झने 24 सामने जिंकले आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी टायगर्स 109 सामने हरले. त्यांचे पिचर दर 9 इनिंगला सहाहून जास्त धावा देत होते. चाहत्याने टीव्ही लावावा, तर ऑक्टोबरमध्ये, मोसमानंतरच्या बाद फेरीत, पडद्यावर हाच, आजोबा आपल्या स्टेडियममध्ये कामाला असलेला मुलगा. 213 विजय, 154 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले सामने), 3084 स्ट्राइकआउट (चेंडू टाकून बाद केलेले फलंदाज). 2015 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधला सर्वोच्च मान. फसलेल्या सौद्यांची यादी निघाली, की डेट्रॉइटचं नाव हमखास निघतं. आणि ते काढणाऱ्यांत डेट्रॉइटचेच लोक पुढे.

माझं मत विचाराल, तर 1987 मध्ये टाळ्या वाजवणारे चुकले नव्हते. त्यांना गट जिंकायचा होता, तो जिंकला. पुढची बाद फेरी बघायला त्यांना 2006 उजाडेपर्यंत थांबावं लागलं, हा भाग वेगळा.

2009 पर्यंत स्टेडियम पाडून झालं. खांबावर आजही झेंडा चढतो. खाली एक मुलगा पिचरच्या जागी उभा आहे. टोपी डोळ्यांवर आलीय, ती मागे सारून तो चेंडू टाकतो.