नव्या माणसाला शिकवणार कोण?

मित्रहो,

घरून काम करावं की ऑफिसात यावं, हा वाद आपण इतक्या वेळा ऐकलाय की दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ झाली आहेत. मॅनेजर म्हणतात, माणसं एकत्र बसल्याशिवाय टीम घडत नाही. कर्मचारी म्हणतात, काम वेळेवर होतंय ना, मग मी कुठे बसतो याच्याशी तुम्हाला काय करायचंय? या सगळ्यात एका माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे. नुकताच नोकरीला लागलेला, पहिलीच नोकरी असलेला मुलगा किंवा मुलगी. माझं म्हणणं असं आहे की ऑफिस हवंच असेल, तर ते सगळ्यात जास्त या नवख्यासाठी हवं. आणि त्याच्यासाठी तिथे येण्याची जबाबदारी कामात मुरलेल्या लोकांची आहे. ‘सगळ्यांनी पाचही दिवस या’ अशा आदेशांत जी बाकीची कारणं दिलेली असतात, त्यातली बरीचशी पुराव्याला उतरत नाहीत.

आधी एक मर्यादा सांगतो. हा वाद मुळात सगळ्या कामकऱ्यांचा नाही. नर्स, ड्रायव्हर, गिरणीतला कामगार, सफाई कर्मचारी यांना ही निवड कधी मिळालीच नाही. २०२० साली अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा पूर्णपणे घरून करता येतील अशा नोकऱ्या तिथेही ३७ टक्केच निघाल्या. तेव्हा आपण एका सुस्थितीतल्या वर्गाबद्दल बोलतोय, एवढं भान ठेवूनच पुढे जाऊ.

हा वाद कोविडमधून जन्मलेलाही नाही. १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या काळात, जॅक निल्स या अमेरिकन अभियंत्यानं ‘टेलिकम्युटिंग’ ही कल्पना मांडली. माणसानं रोज गाडी घेऊन माहितीपर्यंत जाण्याऐवजी माहितीच माणसापर्यंत का पोचवू नये, असा त्याचा प्रश्न होता. १९७९ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीनं पाच कर्मचाऱ्यांच्या घरी, ऑफिसातल्या संगणकाला जोडलेले टर्मिनल बसवून पाहिले. २००९ पर्यंत त्या कंपनीतले सुमारे ४० टक्के लोक ऑफिसबाहेरून काम करत होते, आणि २०१७ मध्ये याच कंपनीनं हजारो लोकांना परत बोलावलं. ‘याहू’ या इंटरनेट कंपनीनं तर आपल्या लोकांना २०१३ मध्येच परत बोलावलं होतं. म्हणजे आज जे चाललंय त्याची रंगीत तालीम आधी होऊन गेली आहे.

आता पुराव्याकडे येऊ. घरून काम करण्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग शांघायचा. सीट्रिप ही प्रवासाची बुकिंग करणारी मोठी कंपनी. तिचे एक संस्थापक जेम्स लियांग स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होते. त्यांनी आणि निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञानं मिळून २०१० मध्ये कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी जन्मतारीख सम असलेल्यांना आठवड्यातले चार दिवस घरी पाठवलं, विषम असलेल्यांना ऑफिसात ठेवलं. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे दोन आकडे सगळीकडे सांगितले जातात. मात्र प्रयोगात घ्यायच्या अटी काय होत्या, ते फारसं कुणी सांगत नाही. घरी स्वतंत्र खोली हवी, ब्रॉडबँड हवं, आणि कंपनीत किमान सहा महिने झालेले हवेत. नवखा माणूस या प्रयोगात नव्हताच! ज्यांना काम येत होतं, त्यांना शांत जागा मिळाली आणि त्यांनी जास्त काम केलं. हा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. तो नुकत्याच रुजू झालेल्यांना लावणं मात्र मान्य नाही.

तिथलीच आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती. आणि प्रयोग संपून निवडीची मुभा मिळाली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक आपणहून ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

याच्या शेजारी चेन्नईचा प्रयोग ठेवा. डेविड ॲटकिन, आंतोआनेत शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एंट्रीच्या कामासाठी नव्यानं घेतलेल्या लोकांची सोडत काढली : काही घरी, काही ऑफिसात. घरी बसलेल्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. यातला साधारण दोन तृतीयांश फरक पहिल्या दिवसापासून होता. उरलेला हळूहळू तयार झाला, कारण ऑफिसातले लोक लवकर शिकत गेले. डेटा एंट्री, म्हणजे ज्यात शिकण्यासारखं फारसं नाही असं आपण सहज म्हणू ते काम! तिथेही शेजारी कुणी असण्यानं फरक पडतो, तर जिथे शिकायलाच चार-पाच वर्षं लागतात तिथे काय होत असेल?

याचं उत्तर नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस यांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनियरांवर केलेल्या अभ्यासात सापडतं. या कंपनीच्या दोन इमारती होत्या. काही टीम एकाच इमारतीत बसायच्या, काही दोन्हींत विभागलेल्या होत्या. एकत्र बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त अभिप्राय मिळत होते, आणि याचा सर्वाधिक लाभ तरुणांना होत होता. कोविडमध्ये सगळेच घरी गेले आणि हा फरक जवळजवळ पुसला गेला. पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एकत्र बसल्यामुळे अनुभवी इंजिनियरांचं स्वतःचं काम कमी होत होतं. शिकवण्यात त्यांचा वेळ जात होता.

मला सगळ्या वादाची गाठ इथेच दिसते. सीनियर माणूस म्हणतो, घरी माझं काम जास्त होतं. तो खरंच बोलतोय. त्याला मध्येच कुणी अडवत नाही, म्हणूनच जास्त होतं. आणि अडवणारा बहुतेक वेळा तो नवखाच असायचा. ‘जरा एक मिनिट, हे असं का येतंय?’ असं विचारत खुर्ची सरकवून येणारा. त्याचा प्रश्न बंद झाला म्हणून याचा आकडा वाढला. कंपनीच्या तक्त्यात वाढलेला आकडा दिसतो. न विचारलेला प्रश्न कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

घरी बसलेल्या नवख्याच्या बाजूनं विचार करून बघा. समोरचा कॉलवर आहे की मोकळा, चिडलेला आहे की निवांत, काही कळत नाही. प्रश्न टाइप करायचा, मूर्खासारखा तर वाटणार नाही ना म्हणून खोडायचा, पुन्हा स्वतःच झटापट करायची. मग सकाळ अशीच जाते. ऑफिसात तोच प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला असता. आणि ज्या गोष्टी प्रश्न विचारूनही मिळत नाहीत, त्यांचं काय? ग्राहक आवाज चढवतो तेव्हा अनुभवी माणूस काय बोलतो आणि काय गिळतो. अशक्य मुदत कशी नाकारतो. स्वतःची चूक मीटिंगमध्ये कशी सांगतो. हे शेजारी बसून कानावर पडतं. ठरवून तासभराचं ट्रेनिंग ठेवलं तरी ते शिकवता येत नाही, कारण शिकवणाऱ्यालाच आपण हे जाणतो याचा पत्ता नसतो.

आता कुणी म्हणेल, मग बोलवा की सगळ्यांना रोज! इथे माझा स्पष्ट विरोध आहे. नुसतं एका छताखाली आणल्यानं यातलं काहीही घडत नाही. एमआयटीतल्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं आणि पन्नासेक मीटरनंतर जवळपास संपतं. भिंती पाडून मोकळं ऑफिस केलं तर? २०१८ च्या एका अभ्यासात अशा बदलानंतर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. लोक हेडफोन लावून ईमेल करायला लागले. तेव्हा टीमचे चार लोक चार शहरांत, प्रत्येक जण आपापल्या शहरातल्या ऑफिसात हजेरी लावून दिवसभर व्हिडिओ कॉलवर, यातून त्या नवख्याला काय मिळालं?

आणि या हजेरीची किंमत मोठी आहे. २७ देशांच्या पाहणीत असं दिसलं की घरून काम केल्यावर प्रवासाचे दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात, आणि त्यातला सुमारे ४० टक्के वेळ लोक पुन्हा कामालाच देतात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, अंथरुणाला खिळलेली आई आहे, ज्यांना स्वतःला प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी ही ७२ मिनिटं म्हणजे नोकरी टिकणं किंवा सुटणं असतं. त्यातही बाईच्या वाट्याला हे जास्त येतं. घरी असली की ‘तू घरीच आहेस ना’ म्हणून दोन्हीकडचं काम तिच्यावर पडतं, हेही खरं. तरी निवड तिच्या हातात असावी, असंच मी म्हणेन.

सीट्रिपनंच, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम आहे, २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग केला. १,६१२ कर्मचारी, त्यातल्या निम्म्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून काम. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. राजीनामे एक तृतीयांशानं घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक पडला नाही. आधी साशंक असलेल्या मॅनेजरांचंही मत बदललं. हे समोर असताना ॲमेझॉननं जानेवारी २०२५ पासून पाच दिवस ऑफिस सक्तीचं केलं. संस्कृती आणि सहकार्य ही कारणं दिली गेली. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण तीन दिवसांत न होणारं असं कोणतं सहकार्य पाचव्या दिवशी होतं, हे आदेश काढणाऱ्यानं दाखवून द्यायला हवं.

मग करायचं काय? दिवस टीमनं ठरवावेत, कंपनीनं नव्हे. पण ठरलेल्या दिवशी अनुभवी लोक असलेच पाहिजेत. आज बऱ्याच ठिकाणी उलटं घडतं. ज्युनियरला नाही म्हणता येत नाही म्हणून तो येतो, सीनियर आपली सवलत वापरून घरी राहतो, आणि नवखा रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून स्क्रीनवरच शिकतो. ज्यांना खरोखर येणं शक्य नाही, त्यांनी दिवसातला एक ठरावीक तास कॉल उघडा ठेवावा, कुणीही यावं, काहीही विचारावं. संपूर्णपणे दूरस्थ चालणाऱ्या कंपन्या आहेतच. त्यातल्या गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीनं आपली कामाची पद्धत हजारो पानांच्या हँडबुकमध्ये लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. त्यांचं उदाहरण मला पटतं, कारण त्यांनी ऑफिसात फुकट मिळणारी गोष्ट मेहनतीनं लिहून काढली. ती मेहनत न करता फक्त ऑफिसचं भाडं वाचवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा दाखला देऊ नये.

आणि शिकवणं हे काम म्हणून मोजा. जोवर अप्रेजलमध्ये फक्त स्वतःचं काम धरलं जातं, तोवर सीनियर माणूस घरी असो वा ऑफिसात, प्रश्न विचारणारा त्याला अडथळाच वाटणार. यात त्याचा दोष नाही. वर्षाच्या शेवटी फॉर्ममध्ये एक रकाना घालावा : यंदा या माणसाकडून तुम्ही काय शिकलात? तो भरायला मॅनेजरकडे देऊ नका, त्या सीनियरकडेही नको. टीममध्ये त्या वर्षी आलेल्या नव्या मुलामुलींकडे द्या, आणि त्यांनी लिहिलेल्याला बढतीच्या वेळी वजन द्या.