दिवसा जागणारा पिंगळा

श्रोतेहो, नमस्कार. १९९७ सालच्या नोव्हेंबरातली एक सकाळ. खानदेशात शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक छोटं घुबड ऊन खात बसलेलं पामेला रासमुसेन आणि बेन किंग या अमेरिकी पक्षितज्ज्ञांना दिसलं. तो होता रानपिंगळा. याआधीचा खात्रीचा नमुना १८८४चा! मधली ११३ वर्षं हा पक्षी संपला असंच धरून चाललं होतं.

बरं, शोध कुणी घेतला नाही असं नाही. सलीम अलींनीही घेतला. पण शोधणाऱ्यांना चकवा दिला होता नमुन्याला बांधलेल्या एका चिठ्ठीनं. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलनं सांगितलं होतं, की १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मी टिपला. रासमुसेनबाईंनी त्याचा नमुना नीट तपासला, तर तो निघाला लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसननं एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या पक्ष्यांपैकीच एक, चिठ्ठी बदललेला! मग गुजरात सोडून त्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा गाठल्या.

हा पिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, उंदीर, टोळ हे त्याचं खाणं. जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं. मादी अंडी उबवत असते तेव्हा नर तिला भक्ष्य आणून देतो. म्हणजे पोकळ झालेलं म्हातारं झाड सरपणाला गेलं, की त्याचं घर गेलं. वर घुबड अपशकुनी, जादूटोण्याला उपयोगी, हे आपलं शहाणपण आहेच. पहाटे भिक्षा मागत दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो, आणि त्याच नावाच्या पाखराला दगड मारतो.

शहाद्यानंतर तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या पाणलोटात, तानसा अभयारण्यात. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे.

हिवाळ्यात मेळघाटात गेलात, तर सकाळी उन्हं वर आल्यावर उघड्या शेंड्यांकडे बघा. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पोटाखाली पांढरा, शेपटीवर जाड पट्टे. आणि ती शेपटी तो डावी-उजवीकडे झटकत असतो.