दोन तासांचा रिपोर्ट आणि तिसरी खेप

नमस्कार मंडळी. आज टीबीच्या तपासणीबद्दल बोलायचंय, पण कोणतं मशीन भारी यावर नाही. खोकला घेऊन माणूस दारात आला त्या दिवसापासून पहिली गोळी त्याच्या पोटात जाईपर्यंत किती दिवस जातात, त्यात किती जण मधेच गळतात, त्यावर.

मी बरीच वर्षं लॅबमधे थुंकीचे नमुने बघितलेत. जुनी पद्धत म्हणजे स्लाईड, थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, खर्च अगदी कमी. पण एक मिली बेडक्यात 5 ते 10 हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत, आणि एक नमुना आज, दुसरा उद्या सकाळी उठल्याउठल्याचा, म्हणजे मजुरीवरची बाई आज खाडा करून येणार, दुसऱ्या नमुन्यासाठी डबी घेऊन घरी जाणार, उद्या परत एसटीचं भाडं, मग रिपोर्टसाठी तिसरी खेप. रजिस्टरमधे नावापुढे पॉझिटिव्ह लिहिलेलं आणि माणूस ऊसतोडीला निघून गेलेला, हे मी बघितलंय आणि ते अजून टोचतं. 2011 मधे जागतिक आरोग्य संघटनेनं दोन्ही नमुने एकाच दिवशी घेतले तरी चालतील असं सांगितलं. एक खेप वाचली, एवढ्यानंही फरक पडतो.

कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमधे वाढवून बघणं, सगळ्यात बारीक पकडतं, पण दोन ते सहा आठवडे घेतं.

मग आलं सीबीनॅट, थुंकीतल्या जंतूचा डीएनए शोधणारं मशीन. दोन तासांत टीबी आहे का कळतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. दर टेस्टला लागणारं कार्ट्रिज बरीच वर्षं 10 डॉलरच्या आसपास होतं, 2023 मधे 8 डॉलरच्या आत आलं. पण मशीनचे दोन तास म्हणजे पेशंटचे दोन तास नव्हेत! दक्षिण आफ्रिकेनं 2011 पासून ही मशीन मुख्यतः लॅबमधे बसवली, दवाखान्यातून नमुना तिकडे जाणार, रिपोर्ट परत येणार, यात दिवस गेलेच. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत नर्सनं दवाखान्यातच ही टेस्ट करून स्लाईडशी ताडून पाहिली, त्याच दिवशी गोळ्या सुरू झालेले पेशंट वाढले. काही महिन्यांनी मात्र पेशंटच्या आजारपणात फरक दिसला नाही, कारण स्लाईड निगेटिव्ह आली तरी डॉक्टर लक्षणं आणि एक्स-रे बघून औषध देतच होते. मशीन आणलं की काम झालं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मला स्वतःला ट्रूनॅटचा मार्ग पटतो, तेही जंतूचा डीएनएच शोधतं. गोव्यात तयार झालेलं, बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं, त्यामुळे पीएचसीत, म्हणजे गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठेवता येतं. स्लाईडपेक्षा महाग, मान्य. पण त्या बाईचे बुडालेले तीन रोज कुठल्या हिशोबात धरतो आपण?

तर मंडळी, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. डबी देताना चालू असलेला मोबाईल नंबर द्या, गावाबाहेर कामाला जाणार असाल तर आधीच सांगा, आणि रिपोर्ट आजच मिळेल का ते विचारा.