मळलेली वाट

(दादर येथे डोंगरभटक्यांपुढे झालेल्या व्याख्यानातून)

बोरिवलीच्या जंगलातला तुळशी तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चहूबाजूंनी झाडी, मध्ये पाणी. आता असे हजारावर तलाव एकमेकांना खेटून आहेत आणि मध्ये एकही गाव नाही, असा मुलूख डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत तो आहे: बाउंडरी वॉटर्स. हिमनद्यांनी खडक खरवडला, त्या खळग्यांत पाणी साठलं. बहुतेक लोक तिथे होडीनं फिरतात. एक तलाव संपला की होडी खांद्यावर घ्यायची आणि पुढचा गाठायचा. हे मधलं अंतर आजही ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ होडीएवढाच.

आम्ही दोघं मात्र चालत गेलो. केकेकाबिक ट्रेल, सुमारे ६५ किलोमीटर, सप्टेंबरअखेर, सहा दिवस. आपल्याकडे मार्चनंतर गडावरच्या टाक्यात पाणी आहे का, यावर मुक्काम ठरतो. तिथे पाण्याची अडचण वेगळीच. बीव्हर नावाचे पाण्यात राहणारे प्राणी ओढ्यावर फांद्या-चिखलाचा बांध घालतात, वाट पाण्याखाली जाते, आणि मग त्या बांधावरूनच तोल सांभाळत पलीकडे जायचं. आमचे बूट सहा दिवसांत वाळले नाहीत.

ही वाट १९३०च्या दशकात पाडली ती वणवे विझवणाऱ्यांसाठी. ते काम संपलं आणि रानानं ती गिळली. पुढे स्वयंसेवकांनी मोकळी केली, तर ४ जुलै १९९९ च्या वादळात मैलोन् मैल झाडं आडवी झाली. त्यांनी पुन्हा कापायला घेतली. या संरक्षित रानात यंत्राची करवत चालत नाही. म्हणून दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत पाठीवर घालून ही माणसं आत जातात.

तिसऱ्या दिवशी जळालेल्या पट्ट्यात आमची वाट हरवली. डोक्याएवढ्या उंचीची कोवळी झाडं, पुढचं काही दिसेना. तासाभरानं एक कापलेला ओंडका सापडला. कापाचा रंग अजून पिवळा होता, खाली भुसा पडलेला. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. चार दिवसांत माणूस भेटला नाही. भेटले ते असे काप.

आपल्या घाटवाटा धनगरांच्या, बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांनी मळल्या. त्यासाठी कुणाला करवत उचलावी लागली नाही. गेल्या हिवाळ्यात माझी वीस वर्षांची ओळखीची एक वाट मला कारवीत सापडेना. वरच्या वाडीतले आजोबा म्हणाले, “एसटी आली बाबा, आता खाली कोण उतरतंय?”

ती वाट मोकळी करायला वनखात्याकडे परवानगीचा अर्ज दिला आहे. दिवाळीनंतरचे दोन शनिवार-रविवार, कोयते घेऊन. सहा जण तयार आहेत, आणखी चार हवेत.